माणसं मोजायची की मशीन?

वाचकाचं पत्र

आमची शिरोली एमआयडीसीत फौंड्री आहे आणि लागूनच छोटी मशीन शॉप. वडिलांनी सुरू केलेला धंदा आता मी आणि भाऊ बघतो. जुना सर्व्हर थकलाय, म्हणून नवीन घेतोय. त्यावर विंडोज सर्व्हर २०२५ टाकायचं ठरलंय. ईआरपी (कारखान्याचा सगळा कारभार नोंदवायचं सॉफ्टवेअर), टॅली आणि ड्रॉइंगच्या फायली सगळं त्यावरच असेल. एका डीलरनं ५३ युजर कॅलचं, म्हणजे सर्व्हर वापरायच्या लायसन्सचं, कोटेशन दिलंय, कारण ईआरपीत ५३ जणांची नावं आहेत. दुसरा म्हणतो, तुमची ३४ मशीन सर्व्हरला जोडतात, ३४ डिव्हाइस कॅल घ्या, स्वस्तात होईल. ईआरपीवाला म्हणतो, आमचं सॉफ्टवेअर सर्व्हरशी एकाच लॉगिननं बोलतं, एक कॅल पुरे. भावाचं म्हणणं, इतकी वर्षं काही घेतलं नव्हतं, काय बिघडलं? आमच्या तिन्ही पाळ्या चालतात. अकाउंट्सची माणसं महिनाअखेरीला घरून रिमोटनं टॅली करतात. डोमेन, म्हणजे सगळ्यांची लॉगिन एका जागी सांभाळायची सोय, नाही; सगळं वर्कग्रुपवर, प्रत्येक मशीन सुटं आहे. नक्की काय घ्यावं?

– शिरोलीहून एक वाचक

उत्तर

ताई, दोन्ही डीलरनी मोजणी केली ती आपापल्या परीनं बरोबर आहे, पण तुम्ही ना ५३ घ्या ना ३४. पत्रासोबत तुम्ही कुठं किती माणसं आणि किती मशीन याची यादी जोडली होती, ती मी दोनदा वाचली. तुमचं काम २८ मध्ये होतं. कसं ते सांगतो, पण आधी हे कॅल म्हणजे काय ते एकदा स्वच्छ होऊ दे. कोल्हापुरात मी बघितलेल्या दहापैकी आठ कारखान्यांत ते कुणी मालकाला धड सांगितलेलंच नसतं.

सर्व्हरवरच्या विंडोजचं लायसन्स प्रोसेसरच्या कोअरवर ठरतं, एका सर्व्हरला कमीत कमी १६ कोअरचं. तो झाला सर्व्हर चालवायचा हक्क. त्या सर्व्हरची सेवा घ्यायचा हक्क वेगळा घ्यावा लागतो, तो म्हणजे कॅल, क्लायंट अॅक्सेस लायसन्स. हा हक्क दोन तऱ्हांनी देता येतो. युजर कॅल माणसाच्या नावावर असतं, गाडी चालवायच्या लायसन्ससारखं. एकदा त्या माणसाचं झालं की तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून, लॅपटॉपवरून, मोबाइलवरून, कुठूनही सर्व्हर उघडू शकतो. डिव्हाइस कॅल मशीनच्या नावावर असतं. तुमच्या गेटवरच्या वजनकाट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का असतो ना, तसं. शिक्का काट्याला आहे, दिवसा कोण वजन करतो आणि रात्री कोण, याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. आणखी एक चांगली गोष्ट अशी की उद्या दुसरा विंडोज सर्व्हर घेतला तरी त्याच आवृत्तीचा किंवा आधीचा असेल तर हेच कॅल तिथंही चालतं. सर्व्हरगणिक वेगळं घ्यावं लागत नाही.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की तुमच्याकडं एका मशीनवर अनेक माणसं बसतात, का एका माणसाकडं अनेक मशीन आहेत? तुमच्या कारखान्यात दोन्ही आहे, आणि दोन्ही डीलर चुकले ते इथंच. त्यांनी सगळ्या कारखान्याला एकच माप लावलं. युजर आणि डिव्हाइस कॅल एकाच कंपनीत मिसळून घेता येतात. ही गोष्ट कोटेशन करताना कुणी बोलत नाही.

आता तुमची यादी घेऊ. मेल्टिंग, मोल्डिंग, कोअर शॉप, फेटलिंग, स्पेक्ट्रोमीटरची लॅब, स्टोअर, डिस्पॅच आणि मशीन शॉपमधले दोन मिळून शॉप फ्लोअरवर ९ कॉम्प्युटर. त्यांवर तीन पाळ्यांत मिळून ३६ माणसं हीट नंबर, रिजेक्शन, स्टॉक भरतात. इथं ३६ युजर कॅल घेणं म्हणजे चौपट पैसे घालवणं आहे. ९ डिव्हाइस कॅल घ्या, त्या ९ मशीनवर पाळीला कुणीही बसू दे. नवा हेल्पर आला, जुना गेला, काही बदलत नाही.

ऑफिसात १२ माणसं आणि १२ कॉम्प्युटर, ज्याचा त्याला. आकडा सारखा असला की बरेच जण डिव्हाइस घेतात, कारण युजर कॅल थोडं महाग असतं. तुम्ही तसं करू नका. अकाउंट्सची चौघं घरून काम करतात, म्हणजे त्यांच्या घरचा कॉम्प्युटरही आलाच. डिझाइन आणि पर्चेसवाल्यांना आज ना उद्या लॅपटॉप लागणार. या लोकांना युजर कॅलच बरं. एखाद्या खुर्चीवर दर सहा महिन्यांनी नवा अप्रेंटिस बसत असेल, तर तेवढं मशीन डिव्हाइसमध्ये टाका. नोकरी सोडून गेलेल्याचं कॅल नव्या माणसाच्या नावावर कायमचं करता येतं, पण सकाळी याचं आणि संध्याकाळी त्याचं असं फिरवता येत नाही.

उरले तुम्ही, भाऊ आणि मार्केटिंगचे तिघं. ५ लॅपटॉप, ५ मोबाइल, घरचे ३ कॉम्प्युटर. पाच माणसं, तेरा मशीन. पाच युजर कॅल. इथं डिव्हाइसचा विचारही करायचा नाही.

९ डिव्हाइस आणि १७ युजर, झाले २६. पण इथं थांबू नका. ऑफिसात बसून कागदावर केलेली मोजणी नेहमी थोडी खोटी असते, हे मी फार वाईट रीतीनं शिकलो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी एचआरकडून नावांची यादी घेतली, सगळ्यांना युजर कॅल घ्यायला लावली आणि बिल झालं. महिनाभरानं दुसऱ्या कामासाठी रात्री नऊ वाजता तिथं गेलो, तेव्हा बघितलं की अख्ख्या पाळीची पोरं एकाच कॉम्प्युटरपुढं रांगेत उभी राहून आकडे भरतायत. मालकाचे जेवढे पैसे खर्च झाले त्याच्या निम्म्यात काम झालं असतं. आणि एकदा घेतलेलं युजर कॅल आपल्या मनानं डिव्हाइस करता येत नाही. सॉफ्टवेअर अॅश्युरन्स ही मायक्रोसॉफ्टची लायसन्ससोबतची जादा योजना घेतली असेल तर त्याच्या नूतनीकरणाच्या वेळीच तो बदल करता येतो, आणि लहान कारखान्यात ती कुणी घेतलेली नसते. तो मालक मला एक शब्द बोलला नाही. मला मात्र अजून ती रांग आठवते. तेव्हापासून मी तिसऱ्या पाळीत एक चक्कर मारल्याशिवाय आकडा देत नाही.

तुम्हीही मारा. तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर मी थबकलो होतो. रात्रीचे सुपरवायझर टेस्ट रिपोर्ट काढायला क्वालिटीच्या ऑफिसातला कॉम्प्युटर उघडतात, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हिशेब इथं फसतो. सुपरवायझरकडं युजर कॅल नाही, कारण तो शॉप फ्लोअरच्या डिव्हाइसमध्ये धरला. क्वालिटीच्या कॉम्प्युटरला डिव्हाइस कॅल नाही, कारण तिथल्या माणसाला युजर धरलं. म्हणजे रात्री दोन वाजता त्या खुर्चीवर बसलेला माणूस कुठल्याच हक्कात बसत नाही. मिश्र मोजणीत हमखास भोक पडतं ते इथंच. दोन्ही बाजूंच्या मध्ये येणारी माणसं आणि दोन्ही बाजूंची मशीन शोधून काढावी लागतात. तुमच्या बाबतीत उपाय सोपा आहे. तो कॉम्प्युटर डिव्हाइसमध्ये घाला. त्यावर दिवसा बसणारा क्वालिटीचा माणूस एरवी फक्त शॉप फ्लोअरच्या मशीनवरूनच सर्व्हर उघडत असेल, तर ती मशीन आधीच धरलेली आहेत, त्याचं वेगळं युजर कॅल वाचतं. १० डिव्हाइस, १६ युजर. एकूण २६ च.

दुसरं, हजेरीची मशीन. गेटवर दोन आहेत, आणि त्यांवर बोट ठेवलं की पंच थेट सर्व्हरवरच्या हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये जातो असं तुम्ही लिहिलंय. तीही सर्व्हरची सेवा घेतात. ३४ चा आकडा देणाऱ्या डीलरनं ती धरलीच नाहीत, म्हणजे त्याच्या हिशेबानं तरी ३६ व्हायला हवे होते. ५३ वाल्याची गत आणखी अवघड आहे. हजेरीला ईआरपीत नाव नसलेले कामगारही बोट ठेवतात, मग प्रत्येकाला युजर कॅल द्यायचं का? दोन डिव्हाइस कॅलमध्ये सगळे कामगार आले. आता १२ डिव्हाइस आणि १६ युजर, २८.

प्रिंटरचंही बघून ठेवा. प्रिंटर, सीसीटीव्ही किंवा पाहुण्यांचे मोबाइल विंडोज सर्व्हरकडून आयपी पत्ता (नेटवर्कवरचा नंबर) घेत असतील, तर तेही सर्व्हर वापरतात असंच धरलं जातं. आयपी पत्ते वाटायचं काम राउटरला द्या आणि पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवा. खर्च काही नाही, नेटवर्कवाल्याचं तासाभराचं काम आहे.

एका बाबतीत मात्र पुढची तीन-चार वर्षं डोळ्यांसमोर आणून ठरवा. तुमचा ईआरपीवाला मोबाइल अॅप विकायला येईल. शॉप फ्लोअरवरच्या प्रत्येकानं स्वतःच्या फोनवरून रिजेक्शन भरायचं, असं तो सुचवेल. ज्या दिवशी ३६ जणांच्या खिशातले ३६ फोन सर्व्हरला जोडतील, त्या दिवशी ९ डिव्हाइस कॅलचा सगळा फायदा संपला. अॅप घ्यायचंच असेल तर कंपनीचे चार-पाच टॅब्लेट घ्या, ते पाळीला हातोहात फिरवा आणि तेवढीच डिव्हाइस कॅल वाढवा. मालक हा विचार करत नाहीत, आणि तो करायला लावणारा माणूस तुमच्या आजूबाजूला असायला हवा.

ईआरपीवाल्याचं म्हणणं मात्र साफ चुकीचं आहे, आणि मला त्याचा राग येतो, कारण हे ऐकून लोक अडचणीत येतात. मधलं सॉफ्टवेअर सर्व्हरशी एकाच लॉगिननं बोललं तरी पलीकडं बसलेली माणसं आणि मशीन तेवढीच राहतात. मायक्रोसॉफ्टच्या अटींत याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात आणि त्यानं कॅलची संख्या कमी होत नाही असं तिथं स्वच्छ लिहिलंय. उलट त्याला एक प्रश्न विचारा. त्याचा डेटाबेस एसक्यूएल सर्व्हरचा आहे का, आणि असेल तर कुठल्या आवृत्तीचा? फुकटची एक्सप्रेस आवृत्ती असेल तर डेटाबेसचं वेगळं कॅल नाही. स्टँडर्ड असेल आणि ती कोअरवर घेतली नसेल, तर एसक्यूएलची कॅल विंडोजच्या कॅलहून वेगळी लागतात. मोजणी तीच वापरता येते, बिल मात्र वेगळं. टॅलीचंही तसंच. गोल्ड लायसन्स घेतलं की टॅलीवर हवी तेवढी माणसं बसतात, पण तो हक्क टॅलीचा झाला. ज्या विंडोज सर्व्हरवर डेटा ठेवलाय त्याचं कॅल त्यात येत नाही.

आता रिमोटचं. इथं जरा सावकाश वाचा.

घरून रिमोट डेस्कटॉपनं सर्व्हरवर शिरून टॅली चालवायची असेल, तर साध्या कॅलवर आणखी एक आरडीएस (रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस) कॅल लागतं. त्यातही युजर आणि डिव्हाइस असे दोन प्रकार असतात. साधं कॅल सर्व्हर मोजत नाही, आरडीएस कॅल मात्र मोजतो. नव्या सर्व्हरवर ही सोय सुरू केली की पहिले १२० दिवस काहीच विचारत नाही. चार महिने सगळं सुरळीत चालतं, मग एके दिवशी दार बंद होतं. एका ठिकाणी ते १९ तारखेला बंद झालं. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख होती. अकाउंटंट बाई रात्री मुलाला शेजारी ठेवून ऑफिसात आल्या आणि पहाटेपर्यंत बसल्या.

तुमची अडचण वर्कग्रुपची आहे. विंडोज सर्व्हर २०१९ पासून, डोमेन नसताना आरडीएसची युजर कॅल लावली तर दर ६० मिनिटांनी माणूस बाहेर फेकला जातो. पैसे भरलेले, कॅल खरी, तरीही. वर्कग्रुपमध्ये आरडीएसची फक्त डिव्हाइस कॅल नीट चालतात. पण ती घेतली की जे मशीन जोडलं जाईल त्याच्या नावावर सर्व्हर आपोआप एक कॅल लावतो. कुणी भाच्याच्या लॅपटॉपवरून दुसऱ्यांदा आत गेलं की एक कॅल तिकडं अडकलं. ते ५२ ते ८९ दिवसांनी आपोआप सुटतं. हातानं सोडवायचं तर एका वेळी एकूण कॅलच्या २० टक्क्यांहून जास्त सोडवता येत नाहीत. सहा कॅल असतील तर त्यातलं एकच.

म्हणून माझा सल्ला असा की नवा सर्व्हर बसवतानाच डोमेन करून घ्या. स्टँडर्ड आवृत्तीच्या एका लायसन्समध्ये दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच सर्व्हरच्या पोटात दोन वेगळे सर्व्हर, चालवायचा हक्क मिळतो. एकावर डोमेन ठेवा, दुसऱ्यावर ईआरपी, टॅली आणि रिमोट. यासाठी कॅल वाढत नाहीत. मग अकाउंट्सची चौघं, तुम्ही आणि भाऊ अशा सहा जणांना आरडीएसची युजर कॅल घ्या. या सहाजणांची साधी कॅल वरच्या १६ मध्ये आहेतच, ती परत मोजू नका. तुमच्या सीएंच्या ऑफिसातली मुलंही रिमोटनं शिरतात असं लिहिलंय. ती बाहेरची माणसं असली तरी त्यांनाही दोन्ही कॅल लागतात, आणि ती मुलं तर दरवर्षी बदलतात. त्यांना आत घेऊच नका. टॅलीचा बॅकअप पाठवत जा, ती त्यांच्याकडं उघडतील. सर्व्हरची फक्त देखभाल करायला येणाऱ्या दोन माणसांना कॅल लागत नाही, तेव्हा हार्डवेअरवाल्याची काळजी नको.

खरेदी करताना आवृत्ती बघा. सर्व्हर २०२५ चा असेल तर कॅलही २०२५ चीच हवीत. नवी कॅल जुन्या सर्व्हरला चालतात, जुनी नव्याला चालत नाहीत. कुणी २०२२ ची शिल्लक कॅल स्वस्तात देत असेल तर ती तुमच्या काहीच कामाची नाहीत. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळणाऱ्या नुसत्या चाव्यांनाही हात लावू नका. साधं कॅल कुठं बसवायचं नसतं, त्याला चावी टाकायची जागाच नसते. तुमच्याकडं पुरावा म्हणून राहतो तो फक्त कागद. लायसन्सचा तपशील, कंपनीचं नाव आणि जीएसटी असलेलं बिल. ते नसेल तर तुम्ही काहीच विकत घेतलेलं नाही. आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ चं बिझनेस प्रीमियम घेतलंय म्हणून कॅल आलं, असं कुणी सांगितलं तर तेही ऐकू नका. त्यात विंडोज सर्व्हरचं कॅल येत नाही. ते ई३ सारख्या मोठ्या योजनांत येतं.

भावाबद्दल. त्यांना म्हणावं, काही बिघडलं नाही कारण साधी कॅल सर्व्हर मोजतच नाही. चोपन्नावा माणूस आला तरी तो अडवत नाही. म्हणूनच लोकांना वाटतं की हे ऐच्छिक आहे. पण मायक्रोसॉफ्टकडून तपासणीचं पत्र आलं तर उत्तर द्यायला तुम्हा दोघांनाच बसावं लागेल, डीलर येणार नाही. शिवाय तुम्ही मोठ्या वाहन कंपन्यांना कास्टिंग देता. त्यांची माणसं ऑडिटला आली की तुमच्या भट्टीचं रजिस्टर, वजनकाट्याचा शिक्का, गेजची कॅलिब्रेशन सर्टिफिकेटं बघतात, आणि तुमच्या वडिलांनी ती कधी चुकू दिली नसतील. सॉफ्टवेअरचे कागद त्याच फायलीत लागायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. एवढा खर्च खरंच नको असेल तर सरळ मार्गही आहेत. लिनक्सवर सांबा हे फायली वाटून देणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून फायलींचा सर्व्हर केला तर कॅलचा प्रश्नच येत नाही. फक्त तुमचा ईआरपी त्यावर चालत नाही, म्हणून मी तो मार्ग तुम्हाला सुचवला नाही.

आता करायचं ते एवढंच. एक वही घ्या. डाव्या पानावर १२ डिव्हाइस, डी-१ पासून डी-१२ पर्यंत, मशीनचा सीरियल नंबर आणि जागा. तोच नंबर छापून प्रत्येक मशीनवर चिकटवा. फौंड्रीत धूळ आणि उष्णता असते, तेव्हा कागदी स्टिकर नको, पत्र्याची पट्टी लावा. उजव्या पानावर १६ नावं, आणि त्यातल्या ज्या सहाजणांना रिमोट आहे त्यांच्यापुढं खूण. एखाद्याचं नाव बदललं की जुनं खोडून तारीख घाला. मग ही दोन पानं घेऊन एकदा पहिल्या पाळीत आणि एकदा रात्री अकरानंतर सगळा कारखाना फिरा. ज्या खुर्चीवर बसलेला माणूस उजव्या पानावर नाही आणि समोरचं मशीन डाव्या पानावर नाही, ती जागा लिहून घ्या.

तशा एक-दोन जागा निघतीलच, आकडा ३० च्या आसपास जाईल. त्या पानांची प्रत दोन्ही डीलरना द्या आणि याच आकड्यावर, आरडीएसच्या सहा कॅलसकट, नवीन कोटेशन मागा. रात्रीच्या फेरीत काही वेगळं सापडलं आणि ते कुठल्या पानावर घालायचं कळेना, तर ऑर्डर द्यायच्या आधी मला पुन्हा लिहा.